जुन्या पुस्तकांना ठाण्यात ठरलेली जागा हवी

प्रति,
माननीय संपादक,

स.न.वि.वि.

नवी मराठी पुस्तके परवडत नाहीत, अशी तक्रार आपल्या वाचकपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळते. ती खोटी नाही. दोनशे-अडीचशे पानांच्या पुस्तकासाठी आता तीन-चारशे रुपये मोजावे लागतात, आणि कागद व छपाई महागल्याचे प्रकाशकांचे म्हणणेही डावलता येत नाही. परंतु नवे पुस्तक ज्याच्या खिशाला झेपत नाही त्याच्यासाठी जुने पुस्तक हा सरळ मार्ग असतो, आणि त्याचा विचार या चर्चेत क्वचितच होतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत जुनी पुस्तके मुबलक आहेत. ती विकत मिळण्याची ठरलेली जागा तेवढी नाही. ही जागा दोन्ही महापालिकांनी उपलब्ध करून द्यावी, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे. ती आवश्यक का वाटते, हे मात्र थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

मी नौपाड्यात राहतो आणि नोकरीनिमित्त ऐरोलीला जातो, त्यामुळे दोन्हीकडची रद्दीची दुकाने आणि जुन्या पुस्तकांचे तुरळक ठेले माझ्या पायाखालचे आहेत. नौपाडा, चरई, पाचपाखाडी या जुन्या वस्तीत इमारतींच्या पुनर्विकासाची लाट आलेली आहे. तीन-चार मजली इमारत जाऊन तिथे मनोरा उभा राहतो, हे सगळ्यांना दिसते. पण इमारत रिकामी करण्याच्या शेवटच्या आठवड्यात घराघरांतून काय बाहेर पडते, ते रद्दीवाल्यालाच ठाऊक असते. दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जाणारे कुटुंब फ्रीज, कपाट, देवघर घेऊन जाते. वडिलांनी किंवा आजोबांनी आयुष्यभर जमवलेल्या पुस्तकांना त्या घरात जागा नसते. ग्रंथालयांना द्यावीत म्हटले तर तीही देणगी स्वीकारताना हात आखडता घेतात, कारण तिथलीही कपाटे भरलेली असतात आणि त्याच त्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या चार-चार प्रती त्यांच्याकडे आधीच पडून असतात. शेवटी सुतळीने बांधलेले गठ्ठे जिन्याखाली येतात आणि तिथून तागडीवर जातात. किलोला दहा-पंधरा रुपये, फार तर थोडे अधिक, असा तो सौदा असतो.

हे गठ्ठे पुढे कसे फुटतात, ते माझ्या परिचयाच्या एका दुकानात मी जवळून पाहिलेले आहे. दुकानदार खाली बसून पुस्तके झरझर तीन बाजूंना टाकतो. स्पर्धा परीक्षा, अभियांत्रिकी, वैद्यकीय प्रवेश परीक्षा आणि इंग्रजी कादंबऱ्या एकीकडे. त्यांना जुन्या पुस्तकांचे विक्रेते ठरलेल्या दराने उचलतात. गुळगुळीत कागदाची मासिके दुसरीकडे. उरलेले सारे तिसरीकडे, आणि हा तिसरा ढीग बहुतांशी मराठी असतो. त्यातले बांधीव पुस्तक तो दोन्ही हातांत धरतो, उलटे मोडतो आणि एका हिसक्यात पुठ्ठा वेगळा करतो, कारण पुठ्ठ्याचा भाव निराळा आणि आतल्या कागदाचा निराळा. ज्या पुस्तकाची बांधणी अधिक भक्कम, ते अशा रीतीने आधी फाडले जाते. या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे दुकान जेमतेम दहा बाय दहाचे, त्याचेही भाडे द्यावे लागते, आणि मराठी पुस्तकाचे गिऱ्हाईक आज येईल की दिवाळीनंतर, याचा त्याला काहीही अदमास नसतो. तेच गिऱ्हाईक त्याच्यासमोर दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी उभे राहणार आहे असे दिसले, तर तो पुठ्ठा फाडण्यापूर्वी निश्चित विचार करील.

तोवर ज्यांना जुनी पुस्तके हवी आहेत, त्यांनी आपल्या भागातल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवावी, असे मी अनुभवाने सांगेन. कोणत्या प्रकारची पुस्तके हवीत ते त्याला सांगून ठेवावे आणि किलोच्या भावाने घासाघीस करू नये. ज्या पुस्तकाचे त्याला रद्दीत चार-पाच रुपये सुटले असते त्याचे आपण वीस-तीस रुपये दिले, तर पुढच्या वेळी तो आपणहून फोन करतो. मार्च-एप्रिलच्या परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माल सर्वांत जास्त येतो. दिवाळी अंक मात्र उन्हाळ्यात शोधावेत. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या प्रथेने मराठीला दरवर्षी काही हजार पाने उत्तम मजकूर दिला, तो पुन्हा पुस्तकरूपाने येतोच असे नाही, आणि होळीनंतर हेच अंक पाव किमतीलाही कोणी घेत नाही. वाचणाऱ्याचा त्यात लाभच आहे.

आता विद्यार्थ्यांविषयी, कारण जुन्या पुस्तकांची खरी निकड त्यांना असते. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. बालभारतीची पुस्तके मुळात स्वस्त असतात आणि त्यांच्या पीडीएफ प्रती संकेतस्थळावरही असतात. घराचे अंदाजपत्रक कोलमडते ते खासगी प्रकाशकांची पुस्तके लावणाऱ्या शाळांत, अकरावी-बारावी विज्ञानात, पदवीला आणि स्पर्धा परीक्षांत. इथे अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या पुस्तकाने खरोखर फरक पडतो. परंतु जुने पाठ्यपुस्तक घेताना त्यावरील सवलतीपेक्षा आवृत्ती आधी पाहावी लागते, आणि अलीकडच्या काळात इतके अभ्यासक्रम बदलले आहेत की पालकांची सहज फसगत होते. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरी आणि सहावीची, तर २०२५ मध्ये चौथी, पाचवी, सातवी आणि आठवीची नवी पुस्तके आणली. त्यामुळे सीबीएसई शाळेत जाणाऱ्या मुलासाठी या इयत्तांचे त्याआधीचे पुस्तक फुकट मिळाले तरी घेऊन उपयोग नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचे कायदेही त्याच दिवशी बदलले, आणि विधीच्या विद्यार्थ्यांची त्या विषयांवरची जुनी पुस्तके केवळ जुन्या खटल्यांच्या संदर्भापुरती उरली. नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने वाणिज्य शाखेच्या मुलांची तीच गत आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा बहुपर्यायी प्रश्नांचे त्या परीक्षेसाठीचे जाडजूड संच आता ठेल्यांवर मोठ्या संख्येने आणि आकर्षक दरात दिसतात. ते इतके स्वस्त का झाले, हे विकणारा सांगणार नाही.

उलटपक्षी, जिथे विषयच बदलत नाही तिथे नव्या आवृत्तीचा आग्रह धरणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित, रेखाटन, भौतिकशास्त्राचे मूलभूत ग्रंथ, शब्दकोश, व्याकरण, इतिहासाचे संदर्भग्रंथ, नकाशे सोडून भूगोल, ही पुस्तके दहा वर्षे जुनी असली तरी चालतात. उदाहरणांचे क्रमांक वर्गातल्या पुस्तकाशी जुळणार नाहीत एवढीच काय ती अडचण, आणि ती मित्राच्या प्रतीवरून पेन्सिलीने खुणा करून सुटते. राज्य मंडळाची दहावीची २०१८-१९ पासूनची आणि बारावीची २०२०-२१ पासूनची पुस्तके अशीच कित्येक वर्षे एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

पुस्तक पुन्हा वापरता येण्याची ही सोय शासनाच्या एखाद्या निर्णयानेही कशी बंद पडते, याचे उदाहरण ताजे आहे. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडण्यात आली. हेतू चांगला होता. पण मुलाने त्या पानांवर वर्षभर लिहिले की ते पुस्तक पुढच्या मुलाला देण्याजोगे राहत नसे, आणि मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली. २०२५ च्या जानेवारीत हा निर्णय मागे घेण्यात आला. पुस्तक एकापेक्षा अधिक मुलांच्या हाती जाते, ही गोष्ट धोरण ठरवताना कोणाच्या लक्षात आली होती की नाही, असा प्रश्न मला पडतो.

‘हे सगळे आता ऑनलाइन मिळते, ठेले कशाला हवेत?’ असे तरुण सहकारी विचारतात. इंग्रजी पुस्तकांपुरते त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांवर जुन्या प्रती विकणारे आहेत, केवळ जुनी पुस्तके विकणारी बुकचोरसारखी संकेतस्थळे आहेत, आणि गाजलेली इंग्रजी कादंबरी शंभर-दीडशे रुपयांत घरपोच येते. मराठी पुस्तक तिथे शोधू गेल्यास मात्र अडचण निराळीच असते. ही संकेतस्थळे पुस्तक ओळखतात ते आयएसबीएन या क्रमांकावरून. विक्रेत्याने मागच्या मुखपृष्ठावरचा तो क्रमांक घातला की नाव, लेखक, पाने, चित्र सगळे आपोआप भरले जाते. भारतात हा क्रमांक देण्याची व्यवस्था १९८५ पासून सुरू झाली आणि पुष्कळ मराठी प्रकाशकांनी तो त्यानंतरही बरीच वर्षे घेतला नाही. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतली जी पुस्तके नौपाड्यातल्या कपाटांतून आज बाहेर पडत आहेत, त्यांना हा क्रमांकच नाही. विक्रेत्याला प्रत्येक पुस्तकाची माहिती हाताने भरावी लागते, आणि तीस रुपये सुटणार असलेल्या पुस्तकासाठी तो तेवढी तसदी घेत नाही. कोणी घेतलीच, तर नाव रोमन लिपीत आणि स्वतःच्या उच्चाराप्रमाणे लिहितो. ज्याला तेच पुस्तक हवे आहे त्याला ते शोधूनही सापडत नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला वाटते की मागणीच नाही.

दुसरी अडचण पुस्तकाच्या स्थितीची. पडद्यावर ‘उत्तम’, ‘चांगली’, ‘ठीक’ असे शेरे असतात, पण त्यांचा अर्थ ज्याचा त्याने ठरवलेला असतो. अशाच एका ‘उत्तम’ संदर्भग्रंथाचे शेवटचे घडीचे नकाशे ब्लेडने कापून घेतलेले मला मिळाले. मुखपृष्ठ मात्र चकचकीत होते. त्यामुळे पैसे पाठवण्यापूर्वी मुखपृष्ठाखेरीज आवृत्तीचा तपशील असलेले पान, पुस्तकाची पाठ, शेवटचे पान आणि मधले कोणतेही उघडलेले पान यांची छायाचित्रे मागवावीत. पाठीला भोके असतील किंवा पानांच्या कडेला पिठूळ भुगा दिसत असेल, तर वाळवी वा कसर लागलेली आहे असे समजून ते पुस्तक घेऊ नये. एका पुस्तकाबरोबर घरातले सगळे कपाट जाते. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर त्याजवळ पुस्तक बाद केल्याची नोंद आहे का, तेही पाहावे. ‘दुर्मिळ’ या शिक्क्याला तर लगेच भुलूच नये. बुकगंगासारख्या संकेतस्थळावर किंवा प्रकाशकाकडे एकदा पाहिले, तर ज्या पुस्तकाच्या जीर्ण प्रतीला आठशे रुपये मागितले जात आहेत त्याची नवी आवृत्ती तीनशेला उपलब्ध असल्याचे पुष्कळदा आढळते. मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने तर संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात, आणि ज्या लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेली आहेत त्याच्या लेखनावर आपल्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क उरत नाही. कागदावरच वाचायचे असेल तर गोष्ट वेगळी.

स्वस्त म्हणून जी पुस्तके विकली जातात, त्यांतली काही जुनी नसून चोरटी छापलेली असतात, याचाही इथे उल्लेख केला पाहिजे. कागद करडा, छपाई पुसट, पानांच्या कडा वाकड्या कापलेल्या आणि पुस्तक कोरे असूनही पाव किमतीत, अशी त्यांची लक्षणे आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे आधीच वितरणात आलेली प्रत पुन्हा विकण्यास कोणतीही बंदी नाही. जुन्या पुस्तकांचा धंदा त्यामुळे संपूर्णपणे कायदेशीर आहे. परवानगीवाचून नवी प्रत छापणे हा मात्र गुन्हा आहे. हा फरक पथारीवर कारवाई करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा आणि विकत घेणाऱ्यांनीही.

ऑनलाइन व्यवहारांतला मला सर्वांत उपयोगी वाटलेला प्रकार म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरचे वाचकांचे गट. विकणारा पुस्तकाचे छायाचित्र टाकतो, जो आधी ‘हवे’ लिहील त्याचे ते पुस्तक ठरते, आणि एकाच पट्ट्यातले सभासद असतील तर पुस्तक प्रत्यक्ष हाती दिले जाते. ठाणे स्थानकात नऊ-दहा क्रमांकाच्या, म्हणजे वाशी-पनवेल गाड्यांच्या फलाटांवर, संध्याकाळी कापडी पिशवीतून पुस्तक काढून अनोळखी माणसाच्या हाती देणारे आणि उभ्या उभ्या पाने चाळून, मग मोबाईलवरून पैसे पाठवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत मीही असतो. फसवणुकीची शक्यता यात फारशी राहत नाही, कारण पुस्तक आधी डोळ्यांनी दिसते. अनोळखी विक्रेत्याला पूर्ण रक्कम आगाऊ पाठवण्यापेक्षा ही रीत कितीतरी बरी. पण ती टिकते ती दोघांचीही ये-जा एकाच मार्गावर असते म्हणून. घणसोलीच्या विद्यार्थ्याला हवे असलेले पुस्तक सोलापुरात असेल, तर ते टपालानेच यावे लागते.

आणि तिथेच जुन्या पुस्तकाचा स्वस्तपणा संपतो. साठ रुपयांच्या पुस्तकाला ऐंशी रुपये पाठवणावळ, असा हिशेब कुरिअरने होतो. वर्षानुवर्षे यावर बुकपोस्ट, म्हणजे छापील मजकूर सवलतीच्या दराने पाठवण्याची टपाल खात्याची सोय, हा उपाय होता. छोटे प्रकाशक, नियतकालिके आणि पुस्तकप्रेमी त्याच्याच आधारावर एकमेकांना पुस्तके पाठवत असत. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नोंदणीकृत बुकपोस्टाची ही सवलत अचानक बंद झाली आणि त्यावर देशभर नाराजी उमटली. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय कर, असा तिचा दर आहे. पुस्तके जमिनीवरच्या मार्गाने जातात आणि ती कुठवर पोचली तेही पाहता येते. हा दर खासगी कुरिअरच्या तुलनेत फारच चांगला आहे, विशेषतः पाच-सहा पुस्तके एकदम मागवली तर. (पुस्तकावर जीएसटी नाही, पण पुस्तक पाठवण्यावर आहे, ही गंमत तेवढी राहिलीच.) ही सेवा पाठ्यपुस्तके आणि शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, आणि छापील पुस्तकावर मुद्रक वा प्रकाशकाचे नाव असणे आवश्यक आहे. जाहिराती असलेली नियतकालिके तीत बसत नाहीत, म्हणजे जुने दिवाळी अंक वगळले गेले. माझी टपाल खात्याला विनंती एवढीच आहे की या सेवेचे दर आणि अटी प्रत्येक उपडाकघरात खिडकीजवळ ठळक मराठीत लावाव्यात, आणि कथा-कादंबऱ्या तीत येतात की नाहीत, हे त्या फलकावर निःसंदिग्धपणे लिहावे.

टपाल स्वस्त झाले तरी पुस्तक चाळून घेण्याची सोय त्याने होत नाही. त्यासाठी आजही आम्हाला मुंबईच गाठावी लागते. ठाण्याहून धीम्या लोकलने माटुंग्याला उतरून किंवा नवी मुंबईहून वडाळ्याला गाडी बदलून किंग्ज सर्कलच्या महेश्वरी उद्यानाजवळचे ठेले, नाहीतर थेट हुतात्मा चौक. दोन्ही ठिकाणी इंग्रजी आणि अभ्यासक्रमाची पुस्तके भरपूर, मराठी मात्र एखाद्या कोपऱ्यात. मराठीसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाची वाट धरावी, तर प्रवासखर्चात पुस्तकांची बचत जाते. आमच्या शेजारच्या डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदानाचे सोहळे भरवून दाखवले आहेत. आपली वाचून झालेली पुस्तके द्यावीत आणि दुसऱ्याची न्यावीत, अशी ती कल्पना. ती लोकांनी उचलून धरली, यावरून या पट्ट्यात जुन्या मराठी पुस्तकांना वाचक नाही, हा समज चुकीचा असल्याचे दिसते. पण वर्षातून एखादे वेळी होणाऱ्या सोहळ्याने रद्दीवाल्याची सवय बदलत नाही. त्याला दर आठवड्याचे गिऱ्हाईक दिसावे लागते.

असे दर आठवड्याचे गिऱ्हाईक कसे टिकवता येते, ते दिल्लीने दाखवले आहे. दर्यागंजच्या पदपथावर अनेक दशके भरणारा जुन्या पुस्तकांचा रविवारचा बाजार २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रस्त्यावरून उठवावा लागला, तेव्हा विक्रेत्यांनी पाठपुरावा केला आणि तिथल्या महापालिकेने त्यांना जवळच असफ अली मार्गावरच्या महिला हाट या आवारात जागा दिली. बाजार रविवारीच भरत राहिला. रस्ता मोकळा झाला, धंदाही टिकला. ठाण्यात तर आजवर असा बाजारच नाही, त्यामुळे कोणाला उठवण्याचा प्रश्न नाही. सुरुवातच योग्य जागी करता येईल.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा २०१४ चा केंद्रीय कायदा नगर पथविक्रेता समितीमार्फत विक्रीची क्षेत्रे ठरवण्यास सांगतो, आणि एकच जागा वेळ वाटून वापरण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे एरवी वाहनतळ म्हणून किंवा मोकळी असलेली जागा रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोनपर्यंत केवळ जुन्या पुस्तकांसाठी देता येईल. गोखले रोड, राम मारुती रोड किंवा तलावपाळी यांची मागणी मी करीत नाही. तिथे आधीच पाऊल ठेवायला जागा नसते आणि पुस्तकांच्या नावाखाली इतर पथाऱ्या येतील, ही रहिवाशांची भीती रास्त आहे. महापालिकेच्या शाळा रविवारी बंद असतात, त्यांची मैदाने आणि त्याहीपेक्षा त्यांचे व्हरांडे या कामाला योग्य आहेत. व्हरांड्याचा आग्रह अशासाठी की पाठ्यपुस्तकांचा हंगाम जूनमध्ये असतो आणि त्याच महिन्यात पाऊस सुरू होतो. उघड्यावरचा विक्रेता नेमका त्याच वेळी निळ्या ताडपत्रीखाली माल झाकून बसतो आणि ओली झालेली पुस्तके त्याला दुसऱ्या दिवशी रद्दीत घालावी लागतात. नवी मुंबईला ही अडचणही नाही. वाशी, नेरुळ, बेलापूर येथील सिडकोने बांधलेल्या स्थानकांची छताखालची आवारे इतकी प्रशस्त आहेत की रविवारी त्यांच्या एका कोपऱ्यात वीस-पंचवीस विक्रेते सहज बसतील आणि प्रवाशांना त्यांचा उपद्रव होणार नाही.

जागा कोणाला द्यावी, याबद्दलही थोडे लिहितो. केवळ व्यावसायिक विक्रेत्यांना दिली तर स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि इंग्रजी कादंबऱ्या यांचाच बाजार होईल, कारण माल तिथेच खपतो. म्हणून काही गाळे घर रिकामे करणाऱ्या कुटुंबांना एका दिवसापुरते नाममात्र भुईभाड्याने द्यावेत, आणि काही सार्वजनिक ग्रंथालयांना. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांकडे निर्लेखित केलेली, म्हणजे नोंदवहीतून रीतसर बाद केलेली, पुस्तके साचत असतात; ती रद्दीत देण्यापेक्षा वाचकांना दहा-वीस रुपयांत विकण्याची परवानगी ग्रंथालय संचालनालयाने द्यावी आणि त्यासाठीची कागदपत्रे सोपी करावीत. ज्या गावात वि. ल. भावे यांनी पुढाकार घेऊन १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केले, त्या गावात या कामासाठी माहितगार माणसे मिळणार नाहीत असे कोण म्हणेल? गठ्ठ्यातले कोणते पुस्तक जपावे आणि कोणते खुशाल रद्दीत जाऊ द्यावे, हे रद्दीवाल्याला सांगणारा एक जाणकार दर रविवारी तिथे बसला तरी पुष्कळ होईल. सगळेच जपावे असे माझे म्हणणे नाही. रद्दीतच शोभतील अशी पुस्तकेही मराठीत विपुल छापली गेली आहेत.

यावर खर्चाचा आक्षेप येईल असे वाटत नाही, कारण शाळेचा शिपाई, झाडलोट आणि एक फलक यापलीकडे खर्च नाही, आणि तो भुईभाड्यातून निघेल. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचे फलक ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही शहरांत चौकाचौकांत लागले होते. त्यांवर झालेल्या खर्चापेक्षा हा निश्चित कमी असेल. आक्षेप येईल तो ‘अशी मागणी कोणी केलेलीच नाही’ हा. ती या पत्राने मी करीत आहे. दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांनी येत्या मे आणि जून महिन्यांतल्या रविवारांपुरती तरी प्रत्येकी एक जागा प्रायोगिक तत्त्वावर जाहीर करावी, आणि विक्रेत्यांनी व कुटुंबांनी अर्ज कोणत्या विभागाकडे, कोणत्या तारखेपर्यंत करावयाचा, ते प्रभाग समिती कार्यालयांच्या फलकांवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लावावे. परीक्षा तेव्हा संपत आलेल्या असतात आणि पुस्तकांचे गठ्ठे बांधायला तेव्हाच सुरुवात होते.

आपला नम्र,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)